थर्टी सिक्स चेंबर : मारामारीच्या सिनेमात मारामारीच कमी, तरी अजून का बघतो आपण?

गिरणगावकर

ऐंशीच्या दशकात मुंबईत लहान असलेल्यांना या सिनेमाची ओळख करून द्यायला नको. नुसतं ‘थर्टी सिक्स चेंबर’ म्हणा, समोरचा पन्नाशीचा गृहस्थ हातातली पिशवी खाली ठेवून दोन्ही हात आडवे ताणून उभा राहतो. बाकीच्यांसाठी थोडक्यात : ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’, हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सचा १९७८ चा सिनेमा. दिग्दर्शक लाउ कार-लिउंग, हीरो गॉर्डन लिऊ, खलनायक सेनापतीच्या कामात लो लिए. मांचू राजवटीचे सैनिक कँटनमध्ये धुमाकूळ घालतात, एका विद्यार्थ्याचे मास्तर आणि जवळची माणसं मारली जातात, तो जखमी अवस्थेत शाओलिन मठ गाठतो, तिथे ‘सान ते’ नावाचा भिक्षू होतो, कुंग फू शिकतो, परत येऊन हिशोब चुकता करतो. संपली गोष्ट.

या गोष्टीवर त्या काळी हाँगकाँगमध्ये उठसूट सिनेमे निघत होते. बाकीचे कुठल्या कुठे गेले, हाच का उरला?

माझं मत असं, की लोक ज्याला मारामारीचा सिनेमा म्हणून बघायला बसतात तो प्रत्यक्षात शाळेचा सिनेमा आहे. सूड सुरुवातीला थोडा आणि शेवटी थोडा. मधे जवळपास तासभर हीरो एकाही शत्रूच्या अंगाला हात लावत नाही. पाणी वाहतो, पडतो, उपाशी राहतो, रात्री चोरून सराव करतो. आणि आपण जागचे हलत नाही.

मठात आल्यावर पहिलं वर्ष तर त्याला कुणी काही शिकवतच नाही. शेवटी न राहवून विचारतो, तेव्हा कळतं की पस्तीस खोल्या आहेत, प्रत्येकीत एक विद्या, कुठून सुरुवात करायची ते तूच ठरव. हा पठ्ठ्या थेट सगळ्यात वरची मागतो! तिथे म्हातारे भिक्षू सूत्रं म्हणत बसलेत. याला ओ की ठो कळत नाही आणि धड हातही न लागता बाहेर फेकला जातो. मग मुकाट्याने सगळ्यात खालच्या पायरीवर.

आणि खालची पायरी काय, तर जेवायला जाणं. भोजनगृहाच्या वाटेवर पाण्याचं टाकं आहे, त्यात ओंडक्यांची मोळी तरंगतेय. तिच्यावर पाय टेकवून पलीकडे उडी मारायची. जुने भिक्षू येतात, एक पाय ठेवतात, जातात. हा पाय ठेवतो, मोळी फिरते, हा धबाक्कन पाण्यात. ओला झालेला जेवायला नाही. एवढंच. ‘बाळा, जीवनात संतुलन महत्त्वाचं’ असं कुणी त्याच्या कानाशी पुटपुटत नाही. रात्री एकटा येऊन तो पुन्हा पुन्हा पडतो आणि पाय जड टाकला की मोळी फिरते हे त्याचं त्यालाच उमगतं. कॅमेरा त्याच्या पायावर असतो, आपलेही तळवे नकळत आखडतात.

मला वाटतं या एका प्रसंगात दिग्दर्शकाने आपल्याला खिशात घातलं. पुढे पस्तीसच काय, सत्तर खोल्या दाखवल्या असत्या तरी बघितल्या असत्या.

तुम्हाला काय वाटतं? आणि कुणी कुठे बघितला तेही सांगा.

पिटातला_प्रेक्षक

बादल्या, बादल्या! दंडाला सुऱ्या बांधलेल्या, पाती बरगड्यांकडे, हात जरा खाली आला की टोचणार. दोन्ही हात आडवे ठेवून चढ चढायचा आणि वर जाऊन पाणी ओतायचं. आमच्या चाळीत नळाला पाणी पहाटे यायचं. त्या वर्षी आईला पाणी भरायला मुलगा कधी नव्हे तो आपणहून उठला. बादली आडव्या हाताने धरून जिना चढायचा प्रयत्न केला तो तिसऱ्या पायरीवर संपला आणि खालच्या बिऱ्हाडातल्या मावशींच्या दारात तळं झालं. त्यांनी काढलेले शब्द इथे लिहिले तर संपादक धागा उडवतील.

आम्ही थेटरात नाही, व्हीसीआरवर बघितला. गणपतीत जागरणाला वर्गणी काढून व्हीसीआर आणि टीव्ही भाड्याने आणायचे. पहिला सिनेमा देवाधर्माचा, म्हणजे म्हातारी माणसं खूष. दुसरा हिंदी. बायका-माणसं झोपायला गेली की पहाटेचा तिसरा कुंग फूचा, तो पोरांचा. इंग्रजी डबिंग, आवाज चिरका, कुणाला एक वाक्य कळत नव्हतं. कळायची गरजही पडली नाही. मोळीवरून पडला हे कळायला इंग्रजी कशाला लागतंय?

दुसऱ्या दिवसापासून हत्यारांचा कारखाना. नानचाकूसाठी आमच्याकडे मुंबईत बाकी कुणाकडे नसलेला कच्चा माल होता, गिरणीतल्या लाकडी बॉबिनी. आतून पोकळ, त्यामुळे दोरी ओवता यायची, एका टोकाला गाठ मारली की काम झालं. गुळगुळीत, हाताला छान बसायच्या. पण सान तेची ती तीन तुकड्यांची काठी करायला गेलो तेव्हा मधला तुकडा कुणाच्या ताब्यात राहीना. पहिलाच फटका स्वतःच्या कानशिलावर.

कांदेपोहे_विथ_लिंबू

वाचनखूण साठवली आहे. हत्यारांच्या कारखान्याला +१. आम्ही झाडूच्या दांड्यावर भागवलं.

ड्रॅगनप्रेमी

धागा चांगला आहे पण देव्हाऱ्यात देव चुकीचा बसवताय.

मार्शल आर्टचा कल्ट सिनेमा एकच. ‘एंटर द ड्रॅगन’, १९७३. ब्रूस ली २० जुलै १९७३ ला गेला, वय ३२. महिन्याभराने सिनेमा अमेरिकेत लागला. म्हणजे जगाने ज्याला डोक्यावर घेतलं तो माणूस ते बघायला नव्हताच. ही दंतकथा कुठल्या चेंबरात बसते सांगा. त्यात आरशांच्या खोलीतली ती मारामारी, लालो शिफ्रिनचं संगीत, हानच्या कामातला शिह किएन, साठीला आलेला माणूस, हाँगकाँगच्या जुन्या कृष्णधवल सिनेमांतला कसलेला खलनायक. आणि गर्दीतल्या गुंडांत कोवळा जॅकी चॅन, ज्याची मान ब्रूस ली मोडतो. ती अर्ध्या मिनिटाची फ्रेम शोधण्यात आमचं तारुण्य गेलं.

तुमच्या सान तेचे पोस्टर कुणाच्या सलूनमध्ये होते का? ब्रूस लीचे प्रत्येक व्यायामशाळेत, प्रत्येक सलूनमध्ये, हनुमानाच्या बाजूला. छातीवर तीन ओरखडे. विषय संपला.

गिरणगावकर

पोस्टरचं मान्य. ब्रूस लीशी कोण भांडणार? पण तो पडद्यावर येतो तोच तयार होऊन. पहिल्याच दृश्यात सॅमो हंगला लोळवतो. त्याला कुणी शिकवलं, तो किती वेळा पडला, काही दाखवत नाहीत. देवाचा जन्म दाखवायचा नसतो, फक्त चमत्कार दाखवायचे. म्हणून त्याचं पोस्टर होतं. सान ते मात्र पहिल्या अर्ध्या तासात आपल्याहून बावळट आहे.

ड्रॅगनप्रेमी

‘आपल्याहून’ नको. ‘तुमच्याहून’ म्हणा.

टेक्निकल_तात्या

दोघांच्या मधे पडतो, कारण खरा मुद्दा दिग्दर्शकाचा आहे आणि त्याच्याबद्दल कुणी बोलतच नाहीये.

लाउ कार-लिउंग हा सिनेमावाला नंतर, कुंग फूवाला आधी. त्याचे वडील लाम साई-विंगचे शिष्य आणि लाम साई-विंग हा वाँग फेई-हुंगचा शिष्य. वाँग फेई-हुंग म्हणजे दक्षिण चीनमधला खराखुरा वस्ताद वैद्य, ज्याच्यावर हाँगकाँगमध्ये डझनावारी सिनेमे निघाले. घराणं हुंग गारचं. आपल्याकडे गाण्याचं घराणं सांगतात तसं तिथे मुठीचं सांगतात. शॉ ब्रदर्समध्ये हा माणूस आधी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांची मारामारी बसवत होता. तेव्हाचे मोठे दिग्दर्शक चांग चेह यांच्या सिनेमांत हीरो आतडी बाहेर आली तरी लढत राहायचा, रक्ताचे पाट. लाउला त्यात रस नव्हता. हातात सूत्रं आल्यावर त्याने रक्त कमी केलं आणि तालीम वाढवली. घराण्यात वाढलेल्या माणसाला तालीमच आठवणार, दुसरं काय? गॉर्डन लिऊही त्याच घरातला, लाउच्या वडिलांचा शिष्य, त्यांनी मुलासारखा वाढवलेला. म्हणून ते पाय, ती मनगटं खोटी वाटत नाहीत.

मनगटांवरून आठवलं. लांब बांबू, टोकाला वजन, बांबू एका टोकाला धरून नुसत्या मनगटाने घंटेवर ठोका द्यायचा. शेजारी एक भिक्षू लयीत टकटक वाजवत बसलाय, त्याच्याबरोबर राहायचं. तो लय वाढवतो. हा सीन आवाज बंद करून बघा, मजा निम्मी होते. प्रशिक्षणाचे बहुतेक प्रसंग असेच तालावर कापलेले आहेत. शॉच्या सिनेमांत पार्श्वसंगीत पुष्कळदा तयार साठ्यातलं, लंडनच्या द वुल्फ कंपनीकडचं वापरलेलं असायचं. पण लाकडाचा, पाण्याचा, घंटेचा आवाज यांचा आपला.

आता पिटातले साहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही अर्धाच सिनेमा बघितलाय. शॉस्कोप म्हणजे रुंद पडदा, उंचीच्या सव्वादोन पटीहून जास्त रुंदी. व्हीसीआरच्या चौकोनात बसवताना दोन्ही कडा कापल्या जायच्या. शॉने ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सिनेमे काढणं जवळपास बंद केलं आणि हा सगळा खजिना पेट्यांत पडून राहिला. २००० साली सेलेस्टियल पिक्चर्स नावाच्या कंपनीने साडेसातशेहून जास्त सिनेमांचा तो साठा विकत घेतला, प्रिंटा साफ केल्या आणि २००२ पासून डीव्हीड्या काढल्या. ती प्रत बघितल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मोळीच्या प्रसंगात दोन्ही बाजूंना भिक्षू उभे राहून हसतायत.

पिटातला_प्रेक्षक

तात्या, आमच्या टीव्हीवर मधोमध एक हिरवा पट्टाही होता, त्याचा हिशोब धरलात का?

सह्याद्रीचा_वारा

एवढं लिहिताय तर हेही लिहा की शाओलिनची विद्या आपल्याकडून गेलेली आहे. बोधिधर्म भारतातला राजपुत्र, तो तिकडे गेला, भिक्षूंना केरळची युद्धकला कळरीपयट्टू शिकवली, त्याचंच कुंग फू झालं. शाळेत शिकवत नाहीत.

बाराखडी

शाळेत शिकवत नाहीत कारण पुरावा तुटपुंजा आहे. शाओलिन मठ पाचव्या शतकाच्या अखेरीस, साधारण ४९५ च्या सुमारास उभा राहिला आणि तो भारतातून आलेल्या एका भिक्षूसाठी, हे खरं. चिनी ग्रंथांत त्याला बातुओ म्हणतात. तो बोधिधर्म नव्हे. बोधिधर्माचं नाव नंतरचं, आणि मठात त्याला ध्यानपरंपरेचा मूळपुरुष मानतात. त्याने व्यायाम शिकवले ही कथा ज्या ‘यीजिन जिंग’ ग्रंथावर उभी आहे तो अभ्यासकांच्या मते सतराव्या शतकातला, म्हणजे त्याच्यानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला. कळरीचा तर त्यात उल्लेखही नाही. अभिमान बाळगायला बातुओ पुरेसा आहे की.

आणि ज्यांना सिनेमात ‘खरा शाओलिन’ दिसला त्यांच्यासाठी : १९७८ साली हाँगकाँगच्या कंपनीला चीनमध्ये जाऊन चित्रीकरण करणं शक्यच नव्हतं. सगळा मठ क्लिअरवॉटर बेच्या शॉ स्टुडिओत आणि आसपास उभा केलेला. खऱ्या मठाचा मोठा भाग १९२८ मध्ये एका लष्करी सरदाराने जाळून टाकला होता. प्रत्यक्ष शाओलिनला जाऊन चित्रीकरण केलेला गाजलेला सिनेमा १९८२ चा, जेट लीचा ‘शाओलिन टेंपल’. पस्तीस खोल्यांची रचना म्हणाल तर ती पटकथेतली. मला तर तीच जास्त आवडते. अख्खा अभ्यासक्रम वास्तूत बसवलाय. वर चढायचं तर खालून.

कांदेपोहे_विथ_लिंबू

धागा चीनच्या सरहद्दीवर पोचायच्या आत कुणीतरी लालबागला परत आणा.

दोरीचा_मल्लखांब

आणते मी.

मी दादरच्या बाजूला संध्याकाळी मुलांना मल्लखांब शिकवते. दोरीचा आणि पुरलेला, दोन्ही. हा सिनेमा मला माझ्या सरांनी दाखवला, आणि मी दर वर्षी मोठ्या मुलांना दाखवते. उगीच कौतुक म्हणून नाही. मला त्यातून रोजचं काम सोपं होतं.

आमच्याकडे येणाऱ्या आईबाबांचा पहिला प्रश्न, ‘मॅडम, पिरॅमिड कधी करणार? व्हिडिओ टाकायचाय.’ त्यांनी शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरातली मुलं खांबावर फुलासारखी उमललेली बघितलेली असतात. ते मंदिर १९२५ पासूनचं आहे, तिथल्या पोरांच्या मागे किती पिढ्यांचा घाम आहे हे व्हिडिओत दिसत नाही. सगळ्यांना सान तेसारखी वरची खोली हवी.

आणि आम्ही पहिले काही आठवडे काय करून घेतो? दोर पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात पकडायचा. बस्. हाताने नाही, त्या बेचक्यात. तिथली कातडी मऊ असते, ती सोलवटते, मुलं रडकुंडीला येतात. घरी गेल्यावर खोबरेल लावा, उद्या परत या. पुरलेल्या खांबावर एरंडेल चोपडायचं काम नव्या मुलांचंच. तेलाचा हात खांबावर फिरवता फिरवता खांब कुठे जाड आहे, मानेशी कुठे निमुळता होतो, हे तळहाताला पाठ होतं, ते त्यांना कळतही नाही. मग साधी अढी. खांबाला पायांनी कवळा घालून उलटं लोंबकळायचं आणि हात सोडायचे. हात सोडायला सांगितलं की पोराच्या चेहऱ्यावर जो भाव येतो ना, तो गॉर्डन लिऊच्या चेहऱ्यावर मोळीसमोर आहे. त्याने तो अभिनय कुठून आणला असेल हे तात्यांनी आत्ता सांगितलं.

सिनेमातली आणखी एक जागा, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. डोळ्यांची खोली. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना मोठ्या जळत्या उदबत्त्या, मान हलवली तर चटका, आणि समोर हलणाऱ्या ज्योतीमागे फक्त बुबुळं फिरवायची. वाळूच्या पिशव्या डोक्याने हाणणं पोरांना थरारक वाटतं, उदबत्त्यांच्या वेळी ती चुळबुळतात. पण माझ्या अनुभवात टिकतात ती मुलं या दुसऱ्या प्रकारातली. निमूट बसून एकच बारीक गोष्ट करत राहणारी. ताकदवान मुलं पहिल्या पावसाळ्यात गळतात.

हरकत एकच. सिनेमात सान ते ज्या वेगाने खोल्या पार करतो तो वेग बघून माझी पोरं म्हणतात, ‘ताई, तो बघा किती पटापट.’ सिनेमाला दोन तासच असतात रे बाबांनो.

सुलेखा_ठाकूरद्वार

ताई, दंडवत. बेचक्यातली कातडी वाचून माझे पाय आखडले.

मी जरा मीठ टाकते. पस्तीस खोल्या आणि एकीतही बाई नाही. मठ आहे, मान्य. पण आमच्या वाडीतही तालमीचं तेच होतं. हौदातली लाल माती, त्यात तेल, ताक, हळद घालून ती मळायची, तो वास आम्हा मुलींना फक्त खिडकीतून. आत पाय टाकायची सोय नव्हती. सिनेमा मी भावांच्या मागे उभी राहून बघितला आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर वाळत घातलेल्या गोधड्यांवर डोकं आपटून बघितलं. मला कुणी ‘तू हीरो नाहीस’ असं तेव्हा सांगितलं नव्हतं. गोधडीला काय, कुणाचंही डोकं चालतं.

ज्यांना बायका बघायच्या आहेत त्यांनी याच लाउ कार-लिउंगचा १९८१ चा ‘माय यंग ऑन्टी’ बघावा. कारा हुई त्यात सगळ्या पुरुषांना पुरून उरते, आणि हाँगकाँग फिल्म पुरस्कार सुरू झाले तेव्हा उत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिला मान याच कामाला मिळाला. ड्रॅगनप्रेमी, तुमच्या सिनेमात ब्रूस लीच्या बहिणीचं काम करणाऱ्या अँजेला माओला किती मिनिटं दिलीत?

ड्रॅगनप्रेमी

कमी दिलीत. पण आठवणीत किती राहिली बघा.

एकोणीसशे_नव्याण्णव

मी इथे लहान असेन बहुतेक. मला हा सिनेमा उलट्या रस्त्याने भेटला. कॉलेजात रॅप ऐकायचो, वू-टँग क्लॅनचा १९९३ चा पहिला अल्बम. त्याच्या नावातच थर्टी सिक्स चेंबर्स आहे. म्हटलं हे काय प्रकरण, म्हणून सिनेमा शोधला. त्यांचा म्होरक्या रिझा लहानपणी न्यूयॉर्कच्या स्वस्तातल्या थेटरांत कुंग फूचे सिनेमे बघत वाढला, पुढे याच सिनेमाच्या डीव्हीडीवर समालोचन करायला बसला आणि २००३ चा ‘किल बिल’ आला त्यात त्याचं संगीत, गॉर्डन लिऊचं काम. दुसऱ्या भागात तो पांढऱ्या भुवयांचा खडूस म्हातारा गुरूही तोच. म्हणजे शिकणारा पंचवीस वर्षांनी शिकवणारा झाला आणि पाणी वाहायला लावायची पाळी त्याची.

मला गंमत वाटते ती ही की न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडची काळी पोरं आणि पिटातल्या काकांच्या चाळीतली पोरं एकाच काळात, तेच चिरकं इंग्रजी डबिंग ऐकत, तोच सिनेमा बघत होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

चिंचपोकळी_फास्ट

यात गंमत काही नाही, कारण आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. घरातले बाप रिकामे बसलेले, पोरांचं पुढे काय हे कुणाला ठाऊक नाही. अशा वेळी पडद्यावर एक पोरगा दिसतो ज्याचं सगळं गेलंय, आणि त्याला एक जागा सापडते जिथे मेहनत केली की वरची पायरी नक्की मिळते. वशिला नाही, फी नाही, कॅपिटेशन नाही. परळ-लालबागच्या पोराला हेच हवं होतं. बाहेर असली जागा कुठे होती? न्यूयॉर्कच्या त्या पोरांनाही नव्हती.

टेक्निकल_तात्या

सुंदर लिहिलंय, पण प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी संप आणायची सवय सोडा. हा सिनेमा पार्ल्यात, गिरगावात, नागपुरात आणि पॅरिसमध्येही तेवढाच चालतो. तिकडे कुणाची गिरणी बंद पडली होती?

गिरणगावकर

दोघांचं थोडं थोडं घेतो.

संपामुळे सिनेमा आवडला असं नाही, आम्हाला तेव्हा तेवढी अक्कलही नव्हती. पण चिंचपोकळींनी जागेचं जे म्हटलं ते मला सिनेमाच्या शेवटाकडे नेतं. नाव काढलं की सगळे पस्तीस खोल्यांबद्दल बोलतात. नाव तर छत्तिसावीचं आहे!

सान ते पस्तीस खोल्या पार करतो. मग मठाच्या न्याय विभागाचा प्रमुख भिक्षू (काम ली होई-सांगचं) त्याला जोडतलवारींनी हरवतो, पुन्हा हरवतो. बांबूच्या बनात सराव करताना याला तीन तुकड्यांच्या काठीची कल्पना सुचते, जी मठात कुणी शिकवलेली नाही, आणि मग जिंकतो. आता मठ म्हणतो, आवडेल त्या खोलीचा प्रमुख हो. दुसऱ्या कुठल्याही सिनेमात इथे टाळ्या आणि समाप्त. हा म्हणतो, मला नवी खोली हवी, बाहेरच्या साध्या माणसांना शिकवायला. मठाला हे चालणारं नाही. त्याला शिक्षा म्हणून भिक्षा गोळा करायला बाहेर धाडतात, आणि शिक्षा देणाऱ्या थोरल्या भिक्षूच्या चेहऱ्यावरून कळतं की हीच परवानगी आहे. नियमही मोडला नाही, काम पण झालं. असली सोय काढणारा एखादा जुना हेडमास्तर प्रत्येकाने बघितलेला असतो.

आणि तो बाहेर जाऊन कुणाला जमवतो? दळणारा, मजुरी करणारा, गल्लीतला भांडखोर पोरगा. सेनापतीला मारणं हे मला दर वेळी उरकल्यासारखं वाटतं, तिथे लाउचाही जीव रमलेला नाही. शेवटचं दृश्य विजयाचं नाहीच, मठाच्या अंगणात बाहेरची माणसं रांगेत सराव करतायत ते आहे. विद्या बंद दारातून बाहेर काढणं हीच खरी लढाई होती, सेनापती निमित्तमात्र.

सुलेखाताई, तुमच्या खिडकीचा मुद्दा म्हणून मला जास्त लागला. छत्तिसावी खोली तुम्ही गच्चीवर काढलीत, आमच्या तालमीने ती काढायला हवी होती.

सुलेखा_ठाकूरद्वार

आता त्या तालमीत मुलींची बॅच आहे. माझी भाची जाते. मातीच्या जागी मॅट आली, वास गेला.

पिटातला_प्रेक्षक

गॉर्डन लिऊ हल्ली कुठे असतो? काही नवीन?

एकोणीसशे_नव्याण्णव

२०११ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून काम बंद. दिग्दर्शक लाउ २०१३ मध्ये गेला.

चिंचपोकळी_फास्ट

तात्यांना उत्तर द्यायचं राहिलं. पॅरिसचं मला माहीत नाही. पण जो सिनेमा सगळीकडे चालतो तो प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कारणाने चालू शकतो, एवढं तरी मान्य कराल की नाही?

टेक्निकल_तात्या

करतो. आणि तुम्हाला खाऊही देतो. संप हवाच असेल तर दुसरा भाग बघा, ‘रिटर्न टू द थर्टी-सिक्स्थ चेंबर’, १९८०. पहिल्यापेक्षा विनोदी, म्हणून लोक नाक मुरडतात, पण गोष्ट ऐका. कापड रंगवण्याचा कारखाना. मालक मांचू मुकादम आणतो आणि त्यांचा पगार भागवायला जुन्या कामगारांच्या मजुरीला कात्री लावतो. कुरकुर करणाऱ्याला मार. कामगार गॉर्डन लिऊला, जो इथे सान ते नसून एक भुरटा ठकसेन आहे, शाओलिनचा भिक्षू म्हणून उभा करतात, मालकाला घाबरवायला. बिंग फुटतं, सगळ्यांची धुलाई होते. मग हा खरंच शाओलिनला जातो. तिथे सान ते त्याला आत घेत नाही, मठाभोवती परांची बांधायला लावतो. रोज बांबू उचल, बांबू बांध, वरून वाकून बघ आत काय चाललंय. कुंग फू कुणी शिकवतच नाही. रागारागाने परत येतो आणि मुकादमांशी झटापट झाल्यावर लक्षात येतं की आपण त्यांना परांचीच्या गाठींनी बांधून टाकलंय!

दादरच्या ताईंनी हा दाखवावा पोरांना, पहिल्याच्या आधी. आणि मुंबईत तर बांबूच्या परांच्या बांधणारी माणसं रोज डोक्यावर दिसतात. हा सिनेमा बघितल्यावर त्यांच्या हातांकडे बघत मी सिग्नलला दोनदा मागच्या गाडीचे हॉर्न खाल्लेत.

दोरीचा_मल्लखांब

मजुरीची कात्री पोरांना समजावी लागेल, परांची नाही. या शनिवारी लावते.

ड्रॅगनप्रेमी

तिसरा भागही आहे ना?

टेक्निकल_तात्या

१९८५ चा. त्यात पुन्हा गॉर्डन लिऊ सान ते, पण गोष्ट एका वात्रट शिष्याची. कसरती छान आहेत, तालीम फारशी नाही. सोडलात तरी चालेल.